तीन उसवलेल्या गाद्या

चाळीस वर्षं ज्याने लोकांना मऊ झोप पुरवली, त्याच्याच घरातली गादी त्याच्या खांद्याला टोचावी, यापरती फजिती ती कोणती? पण झालं खरं तसंच. बुधवारी दुपारी गादीकाका मागच्या खोलीत जरा आडवे झाले. पाहुण्यांसाठी म्हणून गुंडाळून ठेवलेल्या तीन गाद्यांपैकी एक त्यांनी सहज उलगडली होती. पाठ टेकली आणि खांद्याखाली कापसाची ही एवढी गाठ. कूस बदलली, तर कमरेखाली दुसरी. काका उठून बसले आणि गादीकडे बघत राहिले, जसा काही तिने चारचौघांत त्यांचा अपमानच केला होता.

गादीकाका हे काही त्यांचं नाव नव्हे. खरं नाव वीजबिलावर तेवढं उरलं होतं. बाजाराच्या रस्त्यावरचं गाद्यांचं दुकान त्यांनी दोन वर्षांपूर्वी बंद केलं, तरी भेटेल तो त्यांना गादीकाकाच म्हणे, आणि लगेच आपल्या पाठीचं दुखणं सांगायला लागे, जणू काका डॉक्टर.

तर गाठ. मनातली गाठ देवावर सोपवून माणूस झोपू शकतो. गादीतली गाठ मात्र हातानेच सोडवावी लागते, आणि त्यासाठी गादी आधी उसवावी लागते. गुरुवारी काकांनी तिन्ही गाद्या उसवल्या. चार वर्षं नुसत्या गुंडाळून पडल्यामुळे आतल्या कापसाचे गोळे झाले होते. पिंजणवाला टेम्पो घेऊन आला, सगळा कापूस आपल्या ताडपत्र्यांत बांधून घेऊन गेला, शुक्रवारी संध्याकाळी पिंजून परत आणला, मधल्या खोलीत ओतला आणि ताडपत्र्या झटकून घेऊन गेला. पिंजलेला कापूस म्हणजे आनंदात आलेलं माणूस, जागेत मावत नाही. खिडकीच्या कठड्यापर्यंत ढीग लागला. शेजारच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर कापसाचं बारीक तूस उडू नये म्हणून काकांनी खिडक्या लावून घेतल्या, तर ते तूस स्वयंपाकघरातल्या डब्यांवर जाऊन बसलं.

हा सगळा खटाटोप कशासाठी? पुढच्या महिन्यात नातीला शाळेची सुट्टी लागणार होती, आणि ‘येता का चार दिवस’ या प्रश्नावर सूनबाई फोनवर ‘बघू’ म्हणाली होती. चार वर्षांत पहिल्यांदा ‘बघू’ आलं होतं. एरवी ‘नको’ यायचं. त्या एका ‘बघू’वर काकांनी तीन गाद्या उसवल्या.

‘नको’लाही कारण होतं. नातीला दमा होता. बापाकडून आलेला. ती पाच वर्षांची असताना या घरात एक रात्र राहिली आणि पहाटे तिला दवाखान्यात न्यावं लागलं. तेव्हा दुकान चालू होतं, आणि काकांनी कितीही हातपाय धुतले तरी कापूस त्यांच्यामागून घरी यायचाच. त्यानंतर मुलगा आणि सून तिला घेऊन कधी आले नाहीत. वर्षातून दोनदा काकाच धुवट कपडे घालून, दोनदा आंघोळ करून, बसने त्यांच्याकडे जायचे आणि नातीपासून हातभर लांब बसायचे. दुकान बंद केलं त्यात वयाचा वाटा होता, पण मोठा वाटा तिचा. गेल्या रविवारी त्यांनी फोनवर सुनेला अगदी छातीठोकपणे सांगितलं होतं, “आता घरात कापसाचा कण सापडायचा नाही.”

त्या रविवारी ते खरंही होतं.

शनिवारी सकाळी साडेनऊला बेल वाजली तेव्हा काका तोंडाला फडकं बांधून पहिली खोळ भरत होते.

“कोण आहे?”

“ओळखा बघू,” दारापलीकडून आवाज आला.

आवाज नऊ वर्षांचा होता. तो ओळखायला काकांना काय लागणार? रोज संध्याकाळी हात जोडताना ज्या आवाजासाठी मागणं मागायचं, तोच दारात येऊन उभा. आणि दार उघडायला गेलेला हात कडीवर तसाच थांबला. देव देतो ते खरं, पण कधीकधी असं देतो की घ्यायला ओंजळच मोकळी नसते.

“मुंगी, मागे हो,” काका आतून म्हणाले. “दार उघडत नाही मी. फाटकापाशी जा, लांब.”

“बाबा?” हा मुलाचा आवाज. “अहो, आम्ही आहोत.”

“कळलं मला. बाहेरच थांबा. कोणी आत यायचं नाही.”

बाहेर पावलं हळूहळू फाटकाकडे गेली. काकांना त्या पावलांचा आवाज लागला, पण बोलण्यात वेळ घालवला तर दाराच्या फटीतून तूस बाहेर जाईल या धास्तीने ते तसेच स्वयंपाकघराच्या दाराने मागच्या बाजूला गेले. सदरा उतरवून झटकला, नळाखाली डोकं धरलं, हात कोपरापर्यंत चोळून धुतले आणि ओलेच घराला वळसा घालून पुढच्या अंगणात आले.

तिघं फाटकापाशी उभी होती. मुलगा, हातात बॅग. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून बसवण्याचं काम करणारा, त्यामुळे बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे जरा जास्तच बारकाईने बघणारा. सून, दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासणारी, अघळपघळ काही न खपणारी. आणि दोघांच्या मधे मुंगी. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून काकांनीच ठेवलेलं नाव. आता ती आईच्या खांद्याला लागली होती.

“आजोबा, तुमच्या भुवया पांढऱ्या कधी झाल्या?”

“त्या पांढऱ्याच आहेत गं. आज जरा जास्त,” काकांनी भुवया पुसल्या. पुढे होऊन तिला जवळ घ्यायला हात उचलले आणि पुन्हा खाली सोडले.

मुलाने ते पाहिलं. “येऊ नये असं होतं तर गेल्या आठवड्यात फोनवर तसं म्हणायचं होतंत,” तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. चढला असता तर काकांना बरं वाटलं असतं.

मग काकांनी सगळं सांगितलं. गाठ, उसवणं, पिंजणवाला, मधली खोली. सांगताना त्यांची मान खाली जात गेली.

सूनबाई ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने कपाळाला हात लावला. “बाबा, आम्ही न कळवता का आलो माहितीये? कळवलं असतं तर तुम्ही गाद्या काढून झटकत बसला असतात, सगळी धूळ उडाली असती. म्हणून मीच म्हटलं, गपचूप जाऊ.”

“तसं करायला नको होतंस गं.”

“हो ना. कळवलं असतं तर झटकल्या असत्यात. नाही कळवलं तर उसवल्यात.”

मुंगी हसली. काकाही हसणार होते, पण मुलगा हसला नाही.

“चारची बस आहे,” तो म्हणाला. “शेवटची. तोवर इथे अंगणात बसू. मुंगीची आजोबांशी भेट होईल, मग निघू.” आणि बायकोकडे वळून, हळू, पण काकांना ऐकू जाईल इतपत: “पुन्हा हट्ट नको करूस.”

त्या शेवटच्या चार शब्दांत काय होतं ते काकांना बरोबर कळलं. आज ही तिघं चारच्या बसने गेली, तर सुट्टीतलं ‘बघू’ गेलं. पुन्हा ‘नको’. आणि ‘नको’ म्हणता म्हणता पोरगी मोठी होते, मग आजोबा म्हणजे वर्षातून दोनदा हातभर लांब बसणारा एक पाहुणा.

फाटकाशी शेजारच्या बाई आल्या. पोस्टात खिडकीमागे तीस वर्षं काढलेल्या, त्यामुळे कोणाकडे कोण आलं हे त्यांना आपोआप कळे. “अहो, माझ्याकडे झोपू द्या की त्यांना. घर रिकामंच आहे.”

“बाई, तुमच्याकडे मांजरं किती?” सूनबाईने विचारलं.

“चारच. पाचवं येऊन जाऊन असतं.”

“मांजराच्या केसांनी तर या बापलेकीचा दमा लगेच सुरू होतो.”

बाई ओशाळल्या. “मग निदान चहा तरी. मांजरं काही चहात पडत नाहीत,” असं म्हणून त्या गेल्या.

सूनबाईने बॅग बाकावर ठेवली. पर्समधून कामावरचा मास्क काढला, केस घट्ट बांधले. “किती वेळ लागेल, बाबा?”

“कशाला?”

“कापूस घराबाहेर काढायला. पोत्यांत भरा सगळा, मग घर पुसून घेऊ.”

“पोती कुठनं आणू इतकी? खोळी हीच पोती.” बोलता बोलता काकांची मान वर आली. “खोळींत भरायचा आणि तोंड शिवून टाकायचं. एकदा तोंड नीट शिवलं की आतलं तूस बाहेर येत नाही. वरचे टाके नंतर घालता येतील. पण एकट्याला ते अडीच-तीनपर्यंत व्हायचं नाही.”

“एकट्याला कोण सांगतंय? मी रोज आठ तास मास्क लावून काम करते. आणि मला दमा नाही. आमच्या तिघांत तेवढी एक मीच सुटले आहे.”

“सूनबाई, तू सुट्टीच्या दिवशी...”

“बाबा, दहा वाजून गेले.”

दोघं मागच्या दाराने आत गेली.

अंगणात मुलगा आणि मुंगी राहिली. मुलगा कट्ट्यावर बसला, घराकडे पाठ करून. मुंगी मात्र एका जागी कशाला बसतेय. मधल्या खोलीची खिडकी अंगणाकडे होती. ती बंद काचेसमोर जाऊन उभी राहिली.

“पप्पा, केवढा कापूस आहे. आजोबा कमरेपर्यंत बुडालेत.”

“हं.”

“लहान असताना तुम्ही उड्या मारायचात का त्यात? दुकानात?”

“नाही.”

“मग कोण मारायचं?”

“बाकी सगळे,” तो म्हणाला.

बाकी सगळे म्हणजे खरंच सगळे. दुकानाची पुढची बाजू काचेची होती. शाळा सुटली की गल्लीतली पोरं दप्तरं टाकून आत शिरायची आणि ढिगात सूर मारायची, काका त्यांना काही बोलायचे नाहीत. फक्त त्यांचा स्वतःचा मुलगा काचेबाहेर. तो दारापर्यंत गेला की आतून आवाज यायचा, “बाहेरच थांब.” दमा होता, कारण कळत होतं. पण सात वर्षांच्या पोराला कारणाचं काय करायचं असतं? त्याला फक्त उडी मारायची असते. आणि पुढे शाळा संपल्यावर त्याने एकदा धीर करून विचारलं, ‘मी दुकानात येऊ का कामाला’, तेव्हा काका मान वर न करता म्हणाले होते, ‘इथे तुझं काम नाही.’ त्यानंतर तो भिंगांच्या कामाला लागला. काम चांगलं होतं, स्वच्छ होतं. पण ते वाक्य त्याने वीस वर्षं जपून ठेवलं होतं, आणि आज सकाळी दारापलीकडून ‘बाहेरच थांबा’ ऐकलं तेव्हा ते पुन्हा नव्याने झोंबलं.

“आई काहीतरी चुकवतेय,” खिडकीतून मुंगी म्हणाली. “आजोबांनी दाखवलं तसं नाही करत.”

“काचेला नाक लावू नकोस.” तिला ओढायला म्हणून तो उठला, खिडकीपाशी गेला, आणि आत त्याची नजर गेली.

पहिली गादी भरून झाली होती. काका दुसऱ्या खोळीत कापूस दाबत होते, पाठ खिडकीकडे. सूनबाई जमिनीवर बसून पहिल्या गादीचं तोंड शिवत होती. हातात दाभण, म्हणजे गादी शिवायची ती वीतभर लांब, जाड सुई. तोंडाचा टाका साधा नसतो. दाभण आतून बाहेर काढायची, दोरा तिच्या खालून घ्यायचा आणि आपल्याकडे ओढायचा, म्हणजे प्रत्येक टाका आधीच्या टाक्याला पकडतो आणि दोन कडांत फट राहत नाही. ती दोरा वरून घेत होती. प्रत्येक टाक्यानंतर तोंड पुन्हा आ वासत होतं आणि कापसाचे चुकार पुंजके बाहेर डोकावत होते. तिने तीनदा उसवलं. चौथ्यांदा तिने दाभण खाली ठेवली आणि मनगट चोळलं.

त्याने काचेवर टकटक केली.

तिने वर पाहिलं. त्याने डाव्या हाताची दोन बोटं एकमेकांना लावून धरली, त्या झाल्या खोळीच्या दोन कडा. उजव्या हाताचं एक बोट खालून वर आणलं, ती दाभण. मग हवेतला दोरा त्या बोटाच्या खालून घेतला आणि छातीकडे ओढला. पुन्हा. आणि पुन्हा, सावकाश, नवशिक्या गिऱ्हाइकाला चष्मा कसा धरायचा ते दाखवावं तसं.

तिने केलं. टाका बसला. दुसरा बसला. फट मिटली.

टकटक ऐकून काकाही वळले होते. त्यांनी आधी सुनेच्या हातातली शिवण पाहिली, मग वाकून बोटाने चाचपली. “हा टाका मी तुला असा नाही दाखवला. मी घाईत दाखवला. हे तुला कोणी...”

सूनबाईने दाभण खिडकीकडे केली.

काचेपलीकडे मुलाची बोटं अजून हवेतच होती. काका उभे राहिले. तो टाका त्यांनी आयुष्यात एकाच माणसाला शिकवला होता, दुकानातल्या कारागिराला, आणि त्यालाही दोन महिने लागले होते. या पोराला कोणी हातात सुई दिली नव्हती. बाहेर उभं राहून, काचेतून, इतकी वर्षं, त्याने तो नुसता बघून घेतला होता. देवळाबाहेर पायरीवर बसलेल्याला आतलं सगळं भजन पाठ असावं, आणि आतल्यांना त्याचा पत्ताच नसावा, असं काहीसं काकांना झालं.

काचेतून बोलणं ऐकू गेलं नसतं. त्यांनी दुसरी खोळ उचलून खिडकीशी आणली आणि तिचं तोंड मुलाला दिसेल असं धरलं. मुलाने बघितलं आणि मान हलवली. डावीकडे. डाव्या कोपऱ्यात कापूस कमी होता. काकांनी आणखी भरला.

तिथून पुढे कामाला हात लागला तो असा की बाईंचा चहा कट्ट्यावर गार झाला. मुंगी आत चाललेल्या कामाची बातमी बाहेर मोठ्याने सांगत होती, बाई फाटकाशी उभ्या राहून ऐकत होत्या. दोन वाजता तिसऱ्या गादीचं तोंड मिटलं. गाद्या मागच्या अंगणात नेऊन ओल्या फडक्याने वरून पुसल्या. मग सूनबाईने घर पुसायला घेतलं. झाडू नाही, झाडूने तूस उडतं. ओली फडकी. भिंती, पंख्याची पाती, डब्यांची झाकणं, दारांच्या वरच्या कडा, आणि फरशी दोनदा. पाणी काका बदलून देत होते. शेवटची बादली अगदी स्वच्छ निघाली तेव्हा साडेतीन वाजले होते.

“आता तासभर घर मोकळं ठेवायचं,” सूनबाई मास्क काढत म्हणाली. तिच्या नाकावर मास्कची लाल रेघ उमटली होती. “हवेतलं खाली बसेल, मग पुन्हा एकदा पुसू. त्याआधी मुंगी आत नाही.”

“तासाभराने साडेचार होतात,” मुलगा म्हणाला.

“होतात.”

बस चारची. म्हणजे घर चांगलं झालं की नाही हे कळायच्या आतच बस जाणार. कळेपर्यंत थांबलं आणि घर चांगलं नसलं तर रात्र कुठे काढायची? आणि खात्री नाही म्हणून निघालं, तर सगळी मेहनत पाण्यात. सूनबाई नवऱ्याकडे बघत राहिली. ती आज सकाळपासून पुष्कळ बोलली होती, आता बोलायची पाळी तिची नव्हती.

काकाच म्हणाले, “जा तुम्ही. पोरीच्या जिवाशी खेळ नको. मला वाईट वाटायचं नाही.”

मुलाने खिशातून पंप काढला. दमेकऱ्याच्या खिशात नेहमी असतो तो श्वासाचा. बघून पुन्हा खिशात ठेवला. “माझी छाती मुंगीपेक्षा वाईट आहे,” तो म्हणाला. “काही असलं तर मला आधी कळेल. मी जाऊन बसतो.”

“अरे, तासभर तरी...”

“तुम्ही बाहेरच थांबा, बाबा.”

तो आत गेला. एक गादी त्याने मधल्या खोलीत ओढून आणली, पसरली आणि तिच्यावर मांडी घालून बसला. काका खिडकीशी उभे राहिले. काच पुसून लख्ख केली होती. आत मुलगा डोळे मिटून श्वास घेत होता, नाकाने आत, तोंडाने बाहेर, लहानपणी डॉक्टरांनी शिकवला होता तसा. काकांची नजर त्याच्या खांद्यांवर होती. खांदे वर जायला लागले की समजायचं. पंधरा मिनिटं झाली. एकदा तो खोकला, आणि काकांचा हात काचेवर गेला. त्याने डोळे न उघडता हाताने खूण केली, काही नाही. रस्त्याच्या टोकाला बसचा हॉर्न वाजला. कोणी जागचं हललं नाही. बस थांबली असावी, सुटली असावी. काकांनी मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली होती ते कुठेतरी मधेच तुटलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण नुसते त्याच्याबरोबर श्वास घेतोय. आत, बाहेर.

मुलाने डोळे उघडले तेव्हा सव्वाचार झाले होते. तो उठला, खिडकी आतून उघडली.

“ठीक आहे,” तो म्हणाला. “पंखा मात्र लावायचा नाही.”

“नाही लावणार.”

“आणि बस गेली.”

“गेली वाटतं,” काका म्हणाले, आणि तोंड वळवून उगाचच कट्ट्यावरचे कप गोळा करू लागले.

पुन्हा एकदा पुसून झाल्यावर मुंगी आत आली. वरचे टाके न घातलेल्या गादीवर ती बसली आणि कमरेपर्यंत आत गेली. “आजोबा, ही गादी मला खातेय,” असं म्हणून तिने शेवटी ती उडी मारली. एक, दोन, दहा. तोंडाचे टाके पक्के होते, तुसाचा एक तंतू बाहेर आला नाही. सूनबाई “पुरे” म्हणाली, आणि आणखी पाच झाल्या. जेवताना काका नातीच्या शेजारी बसले, हातभर लांब नव्हे, अगदी खेटून. झोपायच्या आधी तिने दोनदा पंप घेतला, तो ती रोज घेतेच. सकाळी ती सगळ्यांच्या आधी उठली आणि तक्रार घेऊन आली की एका बाजूची शिवण खडबडीत आहे, गालाला लागते.

“ती तुझ्या आईची बाजू,” काका म्हणाले.

“कळली बरं मला ती बाजू,” स्वयंपाकघरातून सूनबाई म्हणाली. “दुसऱ्या बाजूला कोण झोपलं होतं ते सांगा, बाबा. रात्रभर घोरत होतं.”

रविवारी सकाळी अंगणात वारा चांगला होता. काकांनी गादी बाकाला टेकवून उभी केली. वरचे टाके राहिले होते, आरपारचे, ज्यांनी आतला कापूस जागच्या जागी राहतो. त्याला दोन माणसं लागतात. एक इकडून दाभण ढकलतो, दुसरा तिकडून घेऊन परत पाठवतो. मुलगा गादीच्या पलीकडे जाऊन बसला. कोणी त्याला ये म्हणालं नव्हतं. मधे गादी असल्यामुळे दोघांना एकमेकांची तोंडं दिसत नव्हती, आणि म्हणूनच असेल, पहिल्या ओळीचे टाके झाल्यावर तो बोलला.

“दुकानात असताना तुम्ही मान वर का करत नव्हतात? मी तासभर उभा असायचो.”

दाभण थोडा वेळ आलीच नाही. मग आली.

“वर केली की तू हसायचास,” गादीच्या पलीकडून काका म्हणाले. “हसलास की आत यायला निघायचास. आणि आत आलास की रात्री तुझी आई तुला मांडीवर बसवून श्वास मोजायची. मी मान खाली घालून तुला घरी जायला लावत होतो. तू जातच नव्हतास.”

“हे एकदा सांगायचं होतंत.”

“सांगायला हवं होतं. ‘इथे तुझं काम नाही’ असं म्हणालो ना एकदा? म्हणायचं होतं, इथे तुझा श्वास नाही. पण काम हाच एक शब्द मला येत होता.”

पलीकडून एक टाका आला, मग दुसरा.

“ओढून घ्या,” मुलगा म्हणाला. “तुमच्याकडून सैल राहिलाय.”

काकांनी दोरा ओढला.

दुपारी चारला ती तिघं बसमध्ये चढली. मुलगा खिडकीशी बसला, मुंगी त्याच्या मांडीवर जवळजवळ चढूनच. सूनबाई दारात उभी राहून सूचना देत होती. पडदे काढून टाका, त्यांत तूस बसतं. उशा तशाच ठेवा, उसवू नका, कितीही गाठी लागल्या तरी. गाद्या उन्हात घाला पण बडवू नका. पिंजणवाल्याला फाटकाच्या आत घेऊ नका. शेजारच्या बाईंना सांगा, पाचवं मांजर तुमच्या कट्ट्यावर येऊन बसतं, तिथे बसू देऊ नका. फरशी पुसताना आधी...

काका हात मागे बांधून ऐकत होते. गावात कुठे चांगला कीर्तनकार बुवा आला की ते असेच ऐकत, मान डोलवत, एक शब्द सांडू न देता. रागावलेल्या माणसाने दिलेल्या सूचना वेगळ्या असतात, आणि परत येणाऱ्या माणसाने दिलेल्या वेगळ्या. त्यांना फरक कळत होता.

“आणि पंधरा दिवसांनी शुक्रवारी रात्री घर एकदा ओल्या फडक्याने पुसून ठेवा,” सूनबाई म्हणाली, “आम्ही शनिवारी सकाळच्या बसने येऊ. खिडक्या उघड्या ठेवा. लक्षात राहील?”

“राहील. पण ते शेवटचं परत सांग.”

“खिडक्या उघड्या ठेवा.”

“त्याच्या आधीचं.”

चालकाने हॉर्न दिला. सूनबाईने सासऱ्याकडे जरा बारकाईने पाहिलं, आणि मग, घाई असूनही, एकेक शब्द सावकाश करत तिने ते पुन्हा सांगितलं.